खिसे

“ताई, एक सांगायचं होतं, पण सरांना कळू देऊ नका.”

मल्लिनाथचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसातून निघत होते. सोलापुरात आमच्या घराच्या कोपऱ्यावर त्याचं किराणा दुकान आहे. अण्णांनी त्याला शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून पन्नाशीला टेकला तरी तो त्यांना सर म्हणतो आणि ते दुकानाची पायरी चढले की स्टुलावरून उठतो. त्याला बोलायला जड जात होतं. आधी आईची तब्येत विचारली, मग पाऊस, मग नळाला किती दिवसांनी पाणी येतंय ते, आणि मग एका दमात म्हणाला, सर दुकानातून साबणाच्या वड्या खिशात घालून नेतात. पहिल्यांदा त्याला वाटलं, पैसे द्यायचे राहिले असतील. त्यानं वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग बिस्किटाचा पुडा, मग गोळ्यांच्या बरणीतून मूठभर लेमन गोळ्या. “लपवत नाहीत ओ ताई. माझ्याकडं बघत बघत घालतात. मीच मान खाली घालतो.”

अण्णा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. शाळेचा खडू चुकून खिशात राहून घरी आला तर दुसऱ्या दिवशी आठवणीनं परत नेणारा. हे मी मुलगी म्हणून वाढवून सांगत नाही. तो खडूचा तुकडा रात्रभर देवघराच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा आणि आम्हा मुलांना त्याला हात लावायची बंदी असायची. शनिवारी पहाटेच्या गाडीनं मी घरी गेले. आई काही बोलली नाही, फक्त आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडून दाखवलं. चंदनाच्या साबणाचा इतका दाट वास आला की क्षणभर एखाद्या लग्नघरात आल्यासारखं वाटलं. खालच्या खणात धोतरजोडीच्या शेजारी वड्या रचल्या होत्या, एकावर एक, कडा जुळवून, प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या रचाव्यात तशा. मी मोजल्या. तेवीस.

पुढचे तीन आठवडे दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी अण्णांना आधी महिने उलटे म्हणायला लावले, मग घड्याळ काढायला लावलं. अण्णांनी घड्याळ सुरेख काढलं, काटे पट्टीनं ओढल्यासारखे. कुठला वार, कोण मुख्यमंत्री, सगळं बरोबर. मग बाईंनी सहज विचारलं, दुकानातून पैसे न देता वस्तू आणणं बरोबर आहे का? “चूक आहे,” अण्णा लगेच म्हणाले, तोंडी परीक्षेतल्या मुलासारखे. मग तुम्ही का आणता? “समोर होती.” दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. संकोच नाही, राग नाही, नजर चुकवणं नाही. एमआरआयच्या फिल्मवर बाईंनी पेनाच्या टोकानं दाखवलं, कपाळामागचा भाग आणि कानशिलाजवळचा पुढचा भाग आक्रसला होता, वाळत चाललेल्या अक्रोडासारखा. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात स्मरणशक्ती बराच काळ शाबूत राहते. आधी जातो तो स्वतःला आवरण्याचा लगाम, लाज, समोरच्याला काय वाटेल याची जाणीव. गोड खाण्याची ओढ वाढते. असे पेशंट दुकानातून वस्तू उचलतात, सिग्नल तोडतात, भर सभेत भलतंच बोलतात, आणि कित्येकदा घरच्यांना पहिली खबर डॉक्टरांकडून मिळायच्या आधी पोलिसांकडून मिळते, असं बाई म्हणाल्या. याला अजून औषध नाही, वागणं थोडं निवळावं म्हणून काही गोळ्या देता येतात एवढंच.

बाहेर आल्यावर आई बाकावर बसली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “म्हणजे चोरी नव्हे ती. आजार आहे.” भावाला फोन लावला, तोही हेच म्हणाला. मल्लिनाथला सांगितलं तेव्हा त्याचा आवाज भरून आला. महिन्याच्या महिन्याला हिशेब द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी आमच्या घरी सगळे पोटभर जेवले.

मला रात्री झोप लागली नाही. मला सहलीचे पैसे आठवत होते.

१९९४-९५ चं वर्ष. मी सातवीत होते आणि अण्णाच आमचे वर्गशिक्षक होते. वर्गात मी त्यांना सर म्हणायची, घराचा उंबरा ओलांडला की अण्णा. सहलीची वर्गणी एका खाकी पाकिटात जमत होती आणि एका दुपारी ते पाकीट सापडेना. अण्णांनी दार लावून घेतलं. माझ्या आठवणीतली ती दुपार रंगानं पिवळी आहे. खिडक्यांना उन्हासाठी पिवळे कागद लावले होते, बाहेर कुठूनतरी यंत्रमागाची खटखट येत होती, आणि अण्णा पहिल्या बाकाकडे न जाता, मधल्या रांगेकडे न जाता, थेट खिडकीकडच्या शेवटच्या बाकाकडे चालत गेले. तिथं सेटलमेंट नावाच्या वस्तीतली दोन मुलं बसायची. त्यातल्या एकाला त्यांनी उभं केलं. त्याचं नाव मला पक्कं माहीत आहे, पण ते इथं लिहिणार नाही. त्याचं दप्तर बाकावर पालथं केलं. त्यातून दोन वह्या, कव्हर गेलेलं भूगोलाचं पुस्तक आणि फडक्यात बांधलेली कडक भाकरी पडली, भाकरीचा एक तुकडा मोडून जमिनीवर घरंगळला. मग खिसे. अण्णा त्याचे खिसे चाचपत असताना त्या मुलानं न सांगता दोन्ही हात कोपरात वाकवून थोडेसे वर उचलले, जसे आपण अंगाचं माप देताना शिंप्यासमोर धरतो. कोणी शिकवलं असेल त्याला ते? बारा वर्षांचा मुलगा, आणि झडती कशी द्यायची ते त्याच्या हातांना ठाऊक होतं.

त्याच्याजवळ काही सापडलं नाही. दुसऱ्या मुलाजवळही नाही. मग तास संपला, आणि बाकीच्या चाळीस जणांची दप्तरं बघायची राहूनच गेली. दोन दिवसांनी पाकीट अण्णांच्याच कपाटात, जुन्या हजेरीपटात सापडलं. “पैसे मिळाले आहेत,” एवढं सांगून त्यांनी पुढचा धडा काढला. आईला ते रात्री सांगत होते तेव्हा मी भिंतीपलीकडे जागी होते. आई म्हणाली, उगाच त्या पोराला. अण्णा म्हणाले, “अगं, संशय येणारच. रक्तातच असतं ते.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण ज्या सुरात म्हणतो की पाणी उताराकडं वाहतं, त्याच सुरात म्हणाले. हाच माणूस दहावीच्या वर्गाला मेंडेलचे वाटाणे शिकवायचा, उंच आणि बुटके, गोल आणि सुरकुतलेले, आणि इतकं गोडीनं शिकवायचा की मुलं आपल्या आईवडलांच्या कानांच्या पाळ्या बघत घरी जायची.

सोलापूरकराला सेटलमेंट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या पिढीनं तारेचं कुंपण पाहिलं नाही, पण शब्द तोच राहिला. रिक्षावाला आजही “सेटलमेंट” म्हटलं की नेऊन सोडतो. कुंपणाच्या आत पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी अशा कितीतरी जमातींची माणसं कायद्यानं डांबलेली होती. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, बाहेरगावी जायचं तर पास. त्यांतल्या कितीतरी जणांनी काहीच केलेलं नव्हतं. जन्म झाला होता, तेवढं पुरे होतं. हा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, आधी उत्तरेत लागू झाला, आणि १९११ मध्ये नव्यानं करून मुंबई इलाख्यासह सगळीकडे लागू करता आला. त्याच्या बाजूनं जो युक्तिवाद झाला त्याचा गाभा असा की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार.

मी या तारखा नंतर वाचल्या, अण्णांच्या आजारानंतर, रात्री जागून. आणि एका गोष्टीशी थांबले. ज्याला गुन्हेगारीच्या शरीरशास्त्राचा आद्य पुरुष म्हणतात तो इटलीचा डॉक्टर चेझारे लोम्ब्रोसो. कॅलाब्रियाच्या एका माणसाच्या कवटीत मागच्या बाजूला त्याला एक खळगा दिसला, आणि त्यावरून त्यानं सिद्धांत उभारला की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात, आदिम अवस्थेतून चुकून आपल्यात उगवलेली. मोठे जबडे, पसरट कान, लांब हात अशी त्यांची लक्षणं. त्याचं पुस्तक आलं १८७६ साली. म्हणजे आपल्याकडचा कायदा त्याच्या पाच वर्षं आधीचा. युरोपात निदान कवटी हातात घ्यावी लागली, मापं घ्यावी लागली, कितीही चुकीची असोत. इथं जातीचं नाव पुरलं. लोम्ब्रोसोचा सांगाडा त्याच्याच इच्छेनं ट्युरिनच्या संग्रहालयात ठेवला आहे, त्यानं जमवलेल्या कवट्यांच्या सोबत. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरनं सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेऊन ती विद्यार्थ्यांच्या आणि सैनिकांच्या मापांशी ताडली, आणि १९१३ मध्ये छापून सांगितलं की लोम्ब्रोसोनं वर्णन केलेला तो वेगळा गुन्हेगार नमुना काही सापडत नाही. ते छापून झालं, आणि इकडे तारा उभ्याच होत्या. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. या माणसांवरचा कायदा उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. अण्णांचा जन्म त्यानंतरचा. म्हणजे अण्णा जन्मले तेव्हा कागदावर कोणीही जन्मजात गुन्हेगार नव्हतं. तरी त्यांच्या तोंडात ते वाक्य आलं ते कुठून आलं असेल? ते मात्र नक्की रक्तातून आलं नाही. आजोबांच्या ओसरीवरून आलं असेल, गल्लीतून, स्टाफरूममधून. कायदा उठल्यावरही सराईत गुन्हेगारांचा म्हणून दुसरा कायदा आलाच, आणि आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते. अगदी ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून जात आणि विमुक्त जमातींवरचा हा जुना शिक्का काढून टाका. मी पंचवीस वर्षं पुण्यात आहे. आमच्या सोसायटीत सायकल गेली की वॉचमनला आधी काय विचारलं जातं ते मी ऐकते, आणि आजवर फार तर दोनदा तोंड उघडलं आहे.

आईची एक आठवण यात सारखी मध्ये येते. आईचं माहेर मुंबईचं, परळच्या चाळीतलं. १९६८ मध्ये ती अकरा वर्षांची होती. चाळीच्या गॅलरीत माणसं रांगेनं झोपायची, उकाड्यात तेवढीच हवा. त्या वर्षी सगळ्यांनी अंथरुणं आत ओढली, कारण उपनगरांत कोणीतरी रात्री फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी लोखंडी हत्यारानं फोडत होता. रामन राघव हे नाव तिच्या पिढीला ओरडून सांगावं लागत नाही, हळू म्हटलं तरी पुरतं. दारं बंद, खिडक्या बंद, एका खोलीत नऊ माणसं घामानं निथळत पडलेली आणि जिन्यावर पोरांचा काठ्या घेऊन पहारा. त्या पहाऱ्यात एका रात्री एका भिकाऱ्याला मार बसला. सकाळी कळलं की तो मुका होता, म्हणून नाव सांगत नव्हता. आई ही गोष्ट सांगताना रामन राघववर कमी बोलते आणि त्या मुक्या माणसावर जास्त.

ऑगस्टमध्ये रामन राघव पकडला गेला. १९६९ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. मग उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. त्यांनी त्याला बसवून तासन् तास ऐकलं आणि निदान केलं जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं. अखेर फाशी जन्मठेपेत बदलली. येरवड्यात तो राहिला आणि १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या आजारानं ससूनमध्ये वारला. ती बातमी आईनं पेपरात वाचून दाखवली होती, माझं सातवीचं वर्ष होतं. “शेवटी आजारीच होता म्हणे,” ती म्हणाली, आणि बराच वेळ पेपर मांडीवर ठेवून बसली. मला तेव्हा राग आला होता. इतकी माणसं मारणाऱ्याला आजाराची सवलत कशाला? आता मला वाटतं, त्या तीन डॉक्टरांनी जे केलं ते फार मोठं काम होतं. अख्ख्या शहराला ज्याचं नाव उच्चारायची भीती वाटत होती त्या माणसासमोर बसून त्यांनी विचारलं, तुझ्या डोक्यात काय चाललंय? (स्किझोफ्रेनियाचा प्रत्येक रुग्ण हिंसक असतो असा समज मात्र या एका माणसामुळे आपल्याकडं घट्ट बसला आणि त्यानं हजारो निरुपद्रवी आजारी माणसांचं नुकसान केलं. त्यातले बहुतेक कोणाला इजा करत नाहीत, उलट इजा सोसतात.) मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे ज्याला कळूच शकत नाही, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. भारतीय दंडविधानाच्या ८४ व्या कलमात हे होतं, आता न्याय संहितेच्या २२ व्या कलमात आहे.

आणि इथंच मी अडकते. अण्णांना कळतं ना. चूक आहे हे ते तोंडानं सांगतात. कळणं शाबूत आहे, कळण्याला वागण्याशी बांधणारी दोरी तुटली आहे. २००३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका शाळामास्तराची हकीकत छापली होती. चाळिशीचा, आधी काही वावगं नाही, आणि अचानक लहान मुलींविषयी घाणेरडी वासना त्याच्या वागण्यात उतरू लागली. शिक्षा सुनावली जायच्या आदल्या रात्री डोकेदुखीनं दवाखान्यात आला तर डोळ्यांच्या वर, कपाळामागं मोठी गाठ निघाली. गाठ काढली, वासना गेली. काही महिन्यांनी पुन्हा डोकं दुखू लागलं, वासना परतली, आणि तपासलं तर गाठ पुन्हा वाढलेली. यालाही बरं-वाईट कळत होतं. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि अंधारात बसून राहिले. कपाळामागच्या त्या बोटभर जागेवर आपण ज्याला माझा स्वभाव, माझे संस्कार म्हणतो ते सगळं तोललेलं आहे, हे मला सहन होत नव्हतं. अण्णांचा तो देवघरावरचा खडू म्हणजे काय होतं मग? सचोटी, की निरोगी पेशी? मला अजूनही वाटतं की ती सचोटीच होती आणि पेशींनी तिला जागा दिली होती. हे शास्त्र नाही, एका मुलीचं म्हणणं आहे, तरी मी ते मागे घेणार नाही.

पण अण्णांसाठी आम्ही शरीर शोधलं, फिल्म काढली, बाईंनी दाखवलेली ती पेनाची खूण डोळ्यांत साठवली आणि म्हणालो, दोष त्यांचा नाही. त्या मुलासाठीही अण्णांनी शरीरच शोधलं होतं. रक्त. तोच जीवशास्त्राचा आधार, एकदा माफी द्यायला, एकदा गुन्हा व्हायच्या आधी शिक्षा द्यायला. अण्णांचा आजार सापडायला लाखो रुपयांचं यंत्र लागलं, त्या मुलाचं रक्त सापडायला घरचा पत्ता पुरला.

जनुकांचं म्हणाल तर त्यांची खरी हकीकत यापेक्षा फार वेगळी आणि मला तरी फार हळवी वाटते. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा संशोधक अजून करताहेत. त्यांच्यातल्या मुलग्यांचं एक जनुक तपासलं, मोनोअमाइन ऑक्सिडेज ए नावाचं, मेंदूतली काही रसायनं मोडून साफ करणाऱ्या विकराचं. काहींमध्ये ते मंद चालतं. मंद म्हणजे दुर्मीळ नव्हे, त्या मुलांत तिघांत एकापेक्षा जास्त जणांचं तसं होतं. २००२ मध्ये जे छापून आलं त्याचा सार असा: ज्यांचं जनुक मंद होतं आणि ज्यांना लहानपणी मारहाण, छळ सोसावा लागला, ती मुलं मोठेपणी हिंसक वागण्याकडे जास्त झुकली. ज्यांचं जनुक मंद होतं पण ज्यांना घरी नीट वागवलं गेलं, ती इतरांसारखीच निघाली. पुढच्या अभ्यासांत हे कधी पुन्हा दिसलं, कधी नाही, आणि एका जनुकाचा वाटा फार छोटा असतो हे आता सगळे मानतात. पण मी त्या दुसऱ्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा जाते. नीट वागवलं, तर इतरांसारखीच.

लंडनमध्ये जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं १९४४ मध्ये ४४ चोऱ्या करणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. त्यातली चौदा मुलं त्याला अशी दिसली की ज्यांना कोणाविषयी मायाच उरली नव्हती. त्या चौदांपैकी बारा जण अगदी लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेले होते. संख्या लहान आहे, पद्धतीवर पुढे टीका झाली, ती रास्तही आहे. पण हे वाचताना मला सेटलमेंटचा कायदा आठवला. गुन्हेगार जमातींच्या त्या कायद्याच्या १७ व्या कलमानं सरकारला अधिकार होता की सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवावं. आईबापांचा वाईट वारसा लागू नये म्हणून. तिकडे बोल्बी लिहीत होता की मुलाला आईपासून तोडलं की त्याच्या आत काहीतरी मोडतं, आणि त्याच वर्षी इकडे ते कलम पुस्तकात जिवंत होतं. रक्तात काही नसलं तरी असं वागवून काय तयार करायला निघालो होतो आपण? तरीही त्या वस्तीतून शिक्षक, पोलीस, परिचारिका, पैलवान, लेखक निघाले. याचं स्पष्टीकरण कोणी मागत नाही. कवटी मोजायला कोणी येत नाही.

तो मुलगा आठवीनंतर शाळेत दिसला नाही. सहलीच्या पैशांमुळेच त्यानं शाळा सोडली असं म्हणायला माझ्याकडं काही आधार नाही. घरी गरज असेल, गावच बदललं असेल. मी एकदा सुट्टीत चौकशी करायला निघाले होते, वस्तीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. काय सांगणार होते? वडील आजारी आहेत, त्यांच्या वतीनं आले? माफी मागणं हे माझ्या गरजेचं होतं, त्याच्या नव्हे. तिथं रस्त्यावर मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या, कुठंतरी शेंगा भाजल्याचा खमंग वास येत होता, आणि एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “कुणाकडं जायचंय माय?” मी म्हटलं, रस्ता चुकले.

मग मी अण्णांनाच विचारायचं ठरवलं. गेल्या महिन्यात, संध्याकाळी, ते अंगणात खुर्चीवर बसले होते आणि तोंडात लेमन गोळी घोळवत होते. मी त्या मुलाचं नाव घेतलं. अण्णांची स्मृती अजून लख्ख आहे. क्षणही लागला नाही. “खिडकीकडचा शेवटचा बाक. गणितात बरा होता.” मी म्हटलं, अण्णा, तुम्ही त्याची झडती घेतली होती. “हो. दप्तरात काही नव्हतं. भाकरी होती.” मला भाकरी आठवते तशी त्यांनाही आठवते हे ऐकून माझा घसा दाटला. मी विचारलं, मग आधी त्यालाच का उभं केलंत? ते माझ्याकडं बघत राहिले. चेहरा शांत, सपाट, गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. “तिथनंच सुरू करायचं असतं,” ते म्हणाले.

वाईट वाटतं का अण्णा त्याचं?

“कशाचं?”

बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, पश्चात्ताप वाटायला जी जागा लागते तीच आता झिजली आहे, तो मागू नका. मी समजून होते, तरी मागितला. आणि आता मला कधीच कळणार नाही की तो “कशाचं” आजाराचा होता, की अण्णांचा, की आम्हा सगळ्यांचा, ज्या घरात तो शब्द इतकी वर्षं कोणी उच्चारला नाही पण जो कायम होता. वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं तर? तेव्हा त्यांना लाज होती, खडू परत नेणारी लाज होती. तेव्हा मी विचारलं नाही.

रोज संध्याकाळी फिरून आल्यावर त्यांचे खिसे बघायचे असं आता आमचं ठरलं आहे. आईच्यानं होत नाही, ती स्वयंपाकघरात निघून जाते. मी घरी असते तेव्हा मी बघते. काल पायजम्याच्या खिशात एक साबणाची वडी आणि दोन गोळ्या होत्या, सदऱ्याच्या खिशात काही नव्हतं. मी चाचपत असताना अण्णा दाराशी शांत उभे होते. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी दोन्ही हात कोपरात वाकवून थोडेसे वर उचलले होते.